तळ्याचा ताप

सकाळी सहाला मी थर्मामीटरची दोरी तळ्यात सोडली की आई ओट्यावरून विचारते, "काय रे, आज ताप किती?" मारुंजीत सगळ्यांच्या वावरात इमारती उभ्या राहिल्या, आमच्यात शेततळं आणि जंबो कोळंबी, म्हणून ही चेष्टा. पण प्रश्न अगदी नेमका आहे.

अंग उबदार ठेवायची सोय कोळंबीला नाही. पाणी जसं, तशी ती. २८ ते ३१ अंशांत ती भरपूर खाते, वरचेवर कात टाकते, आणि नवं कवच मऊ असतं तेवढ्या वेळातच मोठी होते. २० च्या खाली भूक मरते. १४ च्या खाली ती स्वतःच.

हे वाचलेलं असूनही पहिल्या वर्षी मी ऑक्टोबरात बीज, म्हणजे इवली कोळंबी, सोडलं. डिसेंबरात पहाटेचं पाणी १९ वर आलं. खाल्लं का ते बघायला ठेवलेल्या चेकट्रेतलं खाद्य संध्याकाळी जसंच्या तसं. पोरं उपाशी राहतील म्हणून मी आणखी टाकत गेलो, तळ सडवला, आणि जानेवारीत जाळ्यात आली ती करंगळीएवढी. आता बीज फेब्रुवारी सरताना सोडतो आणि थंडी पडायच्या आत तळं रिकामं करतो. मेमध्ये उलटी काळजी: तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि कोळंबीला तो जास्त लागतो. तेव्हा पहाटे तीनला एरेटर.

ऊब लागली की माद्या पोटाखाली अंडी धरतात. त्याआधी मादी कात टाकते, आणि निळ्या नांग्यांचा दांडगा नर त्या मऊ अंगाची राखण करतो. नारिंगी अंडी २८ अंशांत साधारण वीस दिवसांत राखाडी होऊन फुटतात; पाणी गार असेल तर मुक्काम लांबतो. बाजाराच्या हिशेबात हा तोटाच, कारण अंड्यांवर खर्ची पडलेलं खाणं मादीच्या अंगी लागत नाही. तरी अंडीवाली मादी हाती आली की मी तिला परत सोडतो. व्यवहार म्हणून हे चूकच आहे.

कारण पुढे काहीच होत नाही. कोळंबीच्या भावकीतल्या, लुइझियानातल्या क्रेफिशची पिल्लं गोड्या पाण्यातच वाढतात; आमच्या कोळंबीच्या पिल्लांना मचूळ पाणी लागतं, हे मत्स्यशास्त्रज्ञ शाओ-वेन लिंग यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी मलेशियातल्या पेनांगला शोधलं. मारुंजीत ऊब आहे, मीठ नाही. जूनमध्ये जन्मलेली पिल्लं चार-पाच दिवसांत संपतात, आणि फेब्रुवारीत मी पुन्हा कोकणात बीजासाठी फोन लावतो.