ओट्याची उंची कोणाच्या मापाची?

अंगरखा शिवावयाचा झाला म्हणजे शिंपी माप घेतो, वहाणा घ्यावयाच्या झाल्या म्हणजे पाऊल मोजतात, बांगड्या भरतांनासुद्धां कासार आधीं हात दाबून पाहतो. परंतु ज्या ओट्यापुढें घरांतील बाई आयुष्याचीं तीस-चाळीस वर्षें उभी राहते, त्याची उंची ठरवितांना तिला विचारावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गवंड्याच्या डोक्यांत एक आंकडा ठरलेला असतो आणि तोच घरोघर उतरतो. मध्यम बांध्याच्या बाईचें त्यांत निभावून जातें. ज्यांना देवानें चार बोटें कमी किंवा अधिक दिलीं आहेत, त्यांची मात्र जन्मभर ओढाताण होते.

माझी उंची पांच फूट नऊ इंच. माहेरीं तिचें कोणाला कांहीं वाटत नसे, कारण वडील आणि भाऊ सगळेच उंच. पण लग्नाच्या वेळीं या नऊ इंचांची चर्चा पत्रिकेंतील गुणांपेक्षां अधिक झाली. मुलीची उंची हा आपल्याकडे माहितीपत्रकांत आवर्जून लिहावयाचा आंकडा असतो. आश्चर्य एवढेंच, कीं लग्नापूर्वी दहा घरांनीं विचारलेला हा आंकडा लग्नानंतर कोणाच्याहि उपयोगी पडत नाहीं. १९८९ सालीं मी नगरास सासरीं आलें. (२०२४ पासून सरकारी दप्तरीं हें शहर अहिल्यानगर झालें आहे, आमच्या तोंडीं मात्र नगर हाच शब्द बसलेला.) तेथील स्वयंपाकघरांतला ओटा बरोबर तीस इंचांचा होता.

आमचा वाडा जुन्या गांवभागांतला होता. काळ्या दगडाचें जोतें, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद आणि दारें अशीं ठेंगणीं, कीं आंत जाणाऱ्यानें नम्र व्हावेंच. पूर्वी तेथें जमिनीवरची चूल होती. सासूबाई पाटावर बसून सगळा स्वयंपाक करीत. विळी, पाटा-वरवंटा, पोळपाट, ताक घुसळण्याची रवी, सारीं बसून वापरावयाचीं साधनें. त्या व्यवस्थेचे दोष पुष्कळ होते. धुरानें डोळे जात आणि उतारवयांत गुडघे धरत. पण तींत एक मोठी सोय होती, ती अशी कीं बसल्यावर उंच आणि ठेंगणी यांत फारसा फरक राहत नाहीं. माणसांच्या उंचींतील अंतर धडापेक्षां पायांत अधिक असतें. मांडी घातली म्हणजे तें बहुतेक मिटतें. स्टोव्ह आला, पुढें गॅसची शेगडी आली, आणि स्वयंपाक जमिनीवरून उठून ओट्यावर गेला. डोळे वांचले, गुडघे वांचले. परंतु त्याच दिवशीं उंचीचा प्रश्न जन्मास आला, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

तीस इंचांच्या ओट्यावर कणीक मळतांना मला कमरेंतून वांकावें लागे. नळाखालचें भांडें ओट्यांत बसविलेलें, म्हणजे त्याचा तळ आणखी आठ इंच खालीं. तेथें भाजी धुतांना तर मी कोणाच्या पायां पडतें आहें असें पाहणाऱ्यास वाटावें. चाळिशी उलटली आणि कंबर बोलूं लागली. वैद्य झाले, डॉक्टर झाले, पट्टा झाला, शेक झाला. प्रत्येकानें बजावलें, “वांकूं नका.” पण न वांकतां पोळ्या कशा लाटाव्यात, हें एकानेंहि सांगितलें नाहीं.

या बाबतींत आपले पूर्वज आपल्यापेक्षां शहाणे होते असें मला वाटतें. बौधायन, आपस्तंब, कात्यायन यांचे शुल्बसूत्रग्रंथ निदान नांवानें तरी आपल्या घरांत परिचित आहेत. यज्ञांतील वेदी आणि चिति कशा मोजाव्यात तें त्यांत सांगितलें आहे. अग्निचयनांतील मोजमापाचें मान ‘पुरुष’ हें. यजमानानें दोन्ही हात वर करून उभें राहावें, आणि पावलांपासून बोटांच्या टोकांपर्यंत जी लांबी भरेल ती एक पुरुष. अशा साडेसात चौरस पुरुषांची मूळ चिति. तिची उंचीहि शरीरावरूनच ठरते : पहिल्यानें चयन करणाऱ्याची गुडघ्याइतकी, दुसऱ्यांदा करणाऱ्याची नाभीइतकी, तिसऱ्यांदा मुखाइतकी. म्हणजे उंच यजमानाची चिति मोठी आणि ठेंगण्याची लहान. जो कर्म करणार त्याच्या देहाचें माप, हा त्यामागील न्याय. चुलीला आपण घरची वेदीच मानतों. मग तेथें रोज कर्म करणारीच्या देहाचें माप कां नसावें?

पश्चिमेकडेहि हा विचार शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन गृहिणीनें १९१३ सालीं ‘द न्यू हाउसकीपिंग’ हें पुस्तक लिहिलें. कामाचें मेज आणि भांडीं धुण्याची जागा तेथें उभ्या राहणाऱ्या बाईच्या उंचीस जुळली पाहिजे, असा तिचा आग्रह होता. १९२६ सालीं मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या बाईंनीं जर्मनींतील फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठीं जें आटोपशीर स्वयंपाकघर आंखलें, त्यांत बसून काम करण्यासाठीं एक फिरती बैठक ठेवली होती. पुढें मात्र कपाटें कारखान्यांत तयार होऊं लागलीं. कारखान्याला एकच आंकडा हवा असतो. म्हणून अमेरिकेंत छत्तीस इंच हें माप रूढ झालें, आणि प्रत्येक बाईचा विचार मागें पडला. आपल्याकडे जें गवंड्यानें केलें, तें तिकडे कारखान्यानें केलें.

असो. २०१६ सालीं वाडा सोडून आम्ही सावेडीस घर बांधावयास घेतलें, आणि हा प्रश्न घरांत उघडपणें मांडला गेला. यजमान आणि चिरंजीव दोघेहि सहा फुटांच्या वर. त्यांनीं एकमतानें ठरविलें, कीं या खेपेस संपूर्ण ओटा अडतीस इंचांचा करावयाचा. माझ्या कंबरेची त्यांना खरोखरच काळजी होती. धाकट्या जाऊबाई पांच फूट एक इंच. त्या कांहीं बोलल्या नाहींत. सासूबाई चार फूट दहा इंच, वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर. त्यांनीं शांतपणें विचारलें, “म्हणजे आतां माझी स्वयंपाकघरांतून सुट्टी, असेंच ना?”

तो प्रश्न साधा नव्हता. घरांतील बहुतेक कामें तोंवर आम्हां जावांकडे आलीं होतीं. पण देवाचा नैवेद्य आणि सणाच्या पुरणपोळ्या सासूबाईंच्याच हातच्या. अडतीस इंचांचा ओटा त्यांच्या कोपराच्याहि वर गेला असता. त्यांना कोणी स्वयंपाकघरांतून जा म्हणालें नसतें. ओट्यानेंच तें सांगितलें असतें. जाऊबाईंनीं सुचविलें, कीं आईंसाठीं पायाखालीं पाट ठेवूं. ती सूचना मला मान्य होईना. पुढें तापलेलें तेल आणि पायाखालीं हलता पाट, हें त्या वयांत कोणीहि करूं नये. उलट, ओटा ठेंगणाच ठेवावा तर माझीं पुढचीं वीस वर्षें पूर्वीसारखींच जाणार. दोन दिवस घरांत या विषयावर कोणी बोलेना. शेवटीं सासूबाईच म्हणाल्या, “अगं, ओटा दोघींचा करा. एकीचा केलात तर दुसरी पाहुणी होईल.”

मग आम्ही मापें घेतलीं. रीत अगदीं सोपी आहे. घरांत ज्या वहाणा घालतों त्या घालून सरळ उभें राहावें, हात कोपरांत काटकोनांत वांकवावा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचें अंतर मोजावें. चिरणें, निवडणें, लाटणें यांसाठीं ओटा कोपराच्या तीन-चार इंच खालीं असावा. कणीक मळण्यास अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून तो आणखी खालीं लागतो. माझें कोपर त्रेचाळीस इंचांवर भरलें, जाऊबाईंचें साडेअडतीस आणि सासूबाईंचें साडेछत्तीस. कागदावरच्या हिशेबावर विसंबण्याऐवजीं आम्ही विटा रचून त्यांवर फळी टाकली, आणि आठ दिवस निरनिराळ्या उंचीवर भाजी चिरून पाहिली. त्यावरून ठरलें, कीं एक भाग अडतीस इंचांचा, माझ्यासाठीं आणि हौसेनें स्वयंपाक करणाऱ्या चिरंजीवांसाठीं. दुसरा तेहतीस इंचांचा, जाऊबाई आणि सासूबाई यांच्यासाठीं. मळण्यालाटण्यास मीहि कधीं कधीं त्या खालच्या भागाकडे जातें.

शेगडीच्या बाबतींत नवल वाटावें असें निघालें. शेगडी स्वतःच चार-पांच इंच उंच असते, तिच्यावर पातेलें आणखी चार इंच. म्हणजे हात पोहोंचावयाचा तो पातेल्याच्या काठाशीं, ओट्याशीं नव्हे. म्हणून शेगडीखालचा ओटा सर्वांत ठेंगणा हवा, आणि तो उंच बाईलाहि चालतो. तो आम्ही तीसच इंच ठेवला. सासूबाईंना पातेल्यांत डोकावतां येतें आणि मलाहि वांकावें लागत नाहीं. त्याहून खालीं गेलों नाहीं, कारण गॅसची टांकी सुमारें पंचवीस इंचांची असते, वर रेग्युलेटर काढण्याघालण्यास हात शिरला पाहिजे, आणि शेगडी नेहमीं टांकीहून वरच्या पातळीवर असली पाहिजे.

नळाखालच्या भांड्याचाहि असाच विचार केला. तेथें हात काम करतात ते तळाशीं, म्हणून माप काठाचें न घेतां तळाचें घ्यावें. आम्ही सहा इंचच खोल भांडें घेतलें आणि काठ छत्तीस इंचांवर ठेवला. भांडीं घांसावयास येणाऱ्या बाईंनाहि विटांपुढें उभें करून विचारलें. बसून घांसण्यानें त्यांचे गुडघे धरले होते. त्यांना हीच उंची मानवली.

न्हाणीघरांत उंच माणसाची गोष्ट निराळी. निजामशाहींत आसपासच्या गांवांहून खापरी नळांनीं या शहरांत पाणी येई; आज तें मुळा धरणाचें येतें. पण पिंप आणि बादली यांचें राज्य अजून संपलेलें नाहीं. जमिनीवरची भरलेली बादली उचलणें हें उंच माणसाच्या पाठीस सर्वांत वाईट. म्हणून मोरींत पंधरा इंचांचा एक कट्टा बांधून घेतला आणि नळ त्याच्यावर बादली बसेल इतका वर घेतला. अंघोळीच्या वेळीं बादली कट्ट्यावर आणि आपण स्टुलावर, मग तांब्यासाठींहि वांकणें नको. तोंड धुण्याचें बेसिन बत्तिसाऐवजीं पस्तीस इंचांवर, शॉवर सात फुटांवर, आणि आरसा असा लांब, कीं सासूबाईंना आणि चिरंजीवांना दोघांनाहि आपलें तोंड पूर्ण दिसावें. कमोडची बैठक अठरा इंचांची केली. ती उंचांना सोयीची, आणि वृद्धांनाहि उठतांना बरी पडते. सासूबाईंचे पाय अधांतरीं राहूं नयेत म्हणून पुढें एक बुटका, न हलणारा चौरंग आणि भिंतीस आधाराचा दांडा ठेवला.

याला विरोध झाला नाहीं असें नाहीं. ओटा एकसंध आणि सरळ असला म्हणजे दिसतो चांगला, पायरीपायरीचा ओटा स्वच्छ ठेवण्यास त्रासाचा, असें बांधणाऱ्यांचें म्हणणें होतें. सांध्यांत मळ साचतो हें खरें. तो रोज पुसावा लागतो. कडाप्पा तोडण्याची मजुरी वाढली आणि आधाराच्या दोन भिंती जास्त लागल्या, हेंहि खरें. पण पट्ट्यांना आणि मलमांना जो पैसा आजवर गेला, त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

माझी कंबर अगदीं बरी झाली असें मी म्हणणार नाहीं. सत्तावीस वर्षांचें वांकणें थोड्या वर्षांत कोठून सरळ व्हावें? पण संध्याकाळीं पाठ टेकण्यापूर्वी जो उसासा येई, तो आतां क्वचित् येतो. सासूबाईंनीं पंच्याऐंशी ओलांडली आहे. फार वेळ उभें राहवत नाहीं, तरी तेहतीस इंचांच्या भागापाशीं उंच खुर्ची घेऊन त्या बसतात, आणि नैवेद्याचें ताट अजून त्यांच्याच हातून वाढलें जातें.

ज्यांच्याकडे घराचें काम निघालें असेल त्यांना एवढेंच सांगणें, कीं कडाप्पा बसण्यापूर्वी आठ दिवस विटांवर फळी टाका, आणि जो जो तेथें काम करणार त्या प्रत्येकाला तिच्यापुढें उभें करा. सून, सासू, मुलगा, कामास येणाऱ्या बाई, कोणालाहि वगळूं नका. ज्यांचें घर आधींच बांधून झालें आहे त्यांनींहि निराश होऊं नये. ठेंगण्या ओट्यावर चार इंच पायांची जाड लांकडी फळी घट्ट बसवून घेतली, तर उंच बाईचें चिरण्यालाटण्याचें काम त्याच दिवसापासून सोपें होतें. सुताराचें एका दुपारचें काम आहे.