रंग पुसताना

मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत. घरी आल्यागेल्याला मात्र ‘पित्ताचा त्रास’ असंच सांगितलं जातं. मीही मान डोलावते.

दुपारी पडल्यापडल्या झायरा वसीम आठवली. ‘दंगल’ सिनेमातली छोटी गीता. २०१८मध्ये, अठरा वर्षंही पूर्ण नसताना, तिनं नैराश्याबद्दल उघडपणे लिहिलं: गोळ्या, अस्वस्थतेचे झटके, मध्यरात्री गाठावं लागलेलं हॉस्पिटल. ‘या वयात कसलं नैराश्य?’ हेही तिनं ऐकलं होतं. दीपिका पदुकोण २०१५मध्ये बोलली तेही धाडसच. पण तोवर तिचं नाव पक्कं झालं होतं. झायराची तर सुरुवातच होती.

अशीच सुरुवात करणारी मुलं एकांकिका संपल्यावर रंगपटात आरशासमोर बसलेली मी पाहिली आहेत. अर्धा चेहरा पुसलेला, अर्ध्यावर अजून रंग. बाहेरून टाळ्या ऐकू येत असतात. त्या क्षणी त्यांना कसं वाटतं, हे आपण कधी विचारतच नाही. फक्त ‘छान केलंस’ म्हणतो.

झायरानं २०१९मध्ये सिनेमा सोडला. कारण श्रद्धेचं दिलं, आणि ते तिचंच. तरी वाटत राहतं, तिच्याशी त्या आजाराबद्दल पुढे कुणी निवांत बोललं असेल का? मला तिची आणखी कामं पाहायची होती.