वाद्याचे मोल

विद्या विकत मिळत नाही हे मान्य करणारा आमचा सुशिक्षित वर्ग विद्येची साधने विकत घेताना मात्र हात आखडता घेत नाही. चित्रे काढावयाची तर आधी विलायती रंग हवेत, लेखन करावयाचे तर उंची लेखणी हवी, आणि गावयाचे-वाजवावयाचे असेल तर वाद्य पहिल्या प्रतीचे हवे; कला काय, मागाहून सवडीने येईल, अशी त्याची श्रद्धा दिसते. आमच्या पातुरात भजनाच्या पेटीशेजारी आता गिटारही येऊन बसली असल्यामुळे हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

महाग वाद्य खरोखरच अधिक गोड वाजते काय, याची परीक्षा पाश्चात्त्यांनी मोठ्या चिकाटीने केली आहे. 2010 साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन प्रभृती संशोधकांनी 21 निष्णात वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांस सहा व्हायोलिने वाजवावयास दिली. त्यांतील तीन नवी होती आणि तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीची व एक ग्वार्नेरीचे, म्हणजे ज्यांच्या किमतीत एखादे गाव विकत घ्यावे अशी. घरी न्यावयाचे झाल्यास कोणते न्याल, असे विचारता बहुसंख्यांनी नव्याकडे बोट दाखविले. आणि सर्वांत नावडते ठरले ते एक स्ट्रॅडिव्हरीच! अर्थात ती नवी व्हायोलिनेही कसबी कारागिरांच्या हातची होती, बाजारातील हलका माल नव्हे, हे विसरून चालणार नाही. खोक्याला तारा बांधल्या की झाले, असा निष्कर्ष त्यातून काढणारे वाचनात थोडे कच्चे असावेत.

खोक्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आजच्या गिटारीचा घाट ज्याने बसविला त्या स्पेनच्या अंतोनिओ दे तोरेसने 1862 साली एक अजब गिटार केली. तिची वरची फळी तेवढी उत्तम लाकडाची. पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. नाद मुख्यतः वरच्या फळीतून उठतो, हे त्यास दाखवावयाचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात जपून ठेविली आहे. दुर्मीळ लाकडांची नावे जपमाळेसारखी घोकणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी तिचे स्मरण ठेवावे.

हे सारे आठवण्यास एक निमित्त घडले. गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. चार एकर कोरडवाहू जमीन, कापूस नुकताच विकलेला. मुलाने साठ हजारांची गिटार मागितली होती. जवळच्या चार हजारांच्या गिटारीतून ‘तसा’ आवाज निघत नाही, ही त्याची तक्रार. ‘तुमी म्हनसान तसं करतो, सर,’ एवढे बोलून ते गप्प बसले. त्या गप्प बसण्यात पुढल्या हंगामाचे बियाणे होते आणि धाकट्या मुलीची फीही होती, हे आम्हांस न सांगताच कळले. मुलास गिटार घेऊन बोलाविले. तारा गंजलेल्या, आणि पडद्यांपासून इतक्या उंच की दाबताना बोटे सोलून निघावी; दाबल्यावर तार अधिक ताणली जाऊन स्वर चढे तो निराळाच. मुलगा कधी गिटारीस तर कधी स्वतःच्या कानास दोष देई. अकोल्याच्या एका दुरुस्ती करणाराने घोडी घासून तारा खाली आणल्या व नव्या तारा चढविल्या. खर्च हजाराच्या आत. गिटार काही साठ हजारांची झाली नाही. पण सुरात बोलू लागली, आणि मुलगा संध्याकाळी दोन-दोन तास बसू लागला.

घोडीचे हे महत्त्व आपल्याकडील तंबोरा करणारांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शस्त्रांना धार लावणे हा ज्यांचा मूळ धंदा, त्या मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्याची विद्या हस्तगत केली. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्या कामातील नाजूक भाग भोपळ्यावरील नक्षी नव्हे, जवारी होय. घोडीचा माथा कानसेने असा घासावयाचा की कंप पावणारी तार त्यास ओझरता स्पर्श करीत राहील. मग तारेखाली सुताचा धागा हळूहळू सरकवीत नेला की नेमक्या एका जागी तंबोरा गुंजू लागतो. त्या धाग्याला किंमत ती काय! मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (1872–1937) स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते. एवढ्या थोर गवयास या कामात कमीपणा वाटला नाही, आणि आमच्या दिवाणखान्यांतील तंबोरे मात्र मखमली गवसणीत जवारीवाचून मुके होऊन पडतात.

पैशाने काहीच मिळत नाही असे म्हणणे मात्र ढोंग होईल. उंची गिटारीची वरची फळी एकसंध लाकडाची असते, स्वस्त गिटारीची बहुधा थर चिकटवून केलेली. पहिलीचा नाद अधिक मोकळा असतो, आणि ज्याचा हात तयार आहे त्यास तो फरक जाणवतोच. त्या मुलाच्या वडिलांनाही आम्ही हे लपविले नाही. हात तयार झाल्यावर, आणि घरची ओढाताण संपल्यावर, पुन्हा बोलू, असे मात्र म्हटले.

आणि वऱ्हाडातील माणसास हे पटविण्यास फारसे श्रम पडत नाहीत. अमरावती जिल्ह्यातील यावलीस जन्मलेल्या तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) हातात असे ती खंजिरी. लाकडाचे एक कडे, त्यावर ताणलेले कातडे, कड्यात बसविलेल्या चकत्या. एवढ्या साहित्यासमोर खेड्यापाड्यांतील हजारो माणसे रात्र रात्र बसली. मात्र निगा तिलाही लागते. पावसाळ्याच्या दमट हवेत कातडे सैल पडून आवाज बसतो. म्हणून आमच्याकडील भजनी मंडळी बैठकीपूर्वी दोन गोवऱ्या पेटवून ते विस्तवावर शेकतात, बोटाने टिचकी मारून आवाज चढला की नाही ते पाहतात, आणि मगच पहिले पद घेतात.