आर्थर राजाचें कुल आणि दैव

पावसाळ्यांतील एक शनिवार. मैदानावर पाणी सांचलेलें. म्हणून खेळाच्या तासास आम्हां सर्वांस वाचनालयांत बसविण्यांत आलें. त्या दिवसांत आमच्या वर्गांत ब्रिटनच्या आर्थर राजाच्या कथांचें पुस्तक हातोहात फिरत होतें. ज्यानें तें वाचलें तो आर्थरचा भक्त तरी झाला, नाहीं तर टीकाकार तरी! पुस्तक संपावयास दोन दिवस लागले. त्यावरील वाद मात्र पंधरा दिवस पुरला.

वाद दोन प्रश्नांचा होता. आर्थर थोर झाला तो गुप्त राजपुत्र होता म्हणून काय? आणि रणांगणावर तो जिंकला तो पराक्रमानें, कीं निव्वळ नशिबानें?

ज्या वाचकांनीं ही कथा वाचली नसेल त्यांच्याकरितां ती थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. या राजाच्या कथा अनेक शतकें लोकांच्या तोंडीं होत्या. सर थॉमस मॅलरी यानें त्या इंग्रजी गद्यांत एकत्र गुंफिल्या, व कॅक्स्टन या मुद्रकानें तो ग्रंथ १४८५ सालीं छापून प्रसिद्ध केला. असा राजा खरोखर होऊन गेला कीं नाहीं याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. पण आमचा वाद इतिहासांतील आर्थरविषयीं नव्हता, कथेंतील आर्थरविषयीं होता.

उथर राजास पुत्र झाला. परंतु पूर्वीं दिलेल्या वचनाप्रमाणें तें तान्हें मूल मर्लिन नांवाच्या जादूगाराच्या स्वाधीन करावें लागलें. जरीच्या वस्त्रांत गुंडाळलेलें तें बाळ किल्ल्याच्या मागच्या दारानें बाहेर गेलें, आणि सर एक्टर नांवाच्या सरदाराच्या घरीं वाढूं लागलें. तोच आर्थर. एक्टर हाच आपला पिता व त्याचा मुलगा ‘के’ हाच आपला थोरला भाऊ, असें तो समजे. पुढें उथर वारला व राज्यास धनी उरला नाहीं. तेव्हां लंडनच्या मोठ्या देवालयाच्या आवारांत एक शिळा, तीवर ऐरण, व ऐरणींत रुतलेली एक तरवार लोकांस दिसली. जो ही तरवार उपशील तोच राजा, अशीं तीभोंवतीं सोनेरी अक्षरें होतीं. मोठमोठ्या सरदारांनीं हात टेकले. नव्या वर्षाच्या दिवशीं झुंजीचे खेळ होते. के आपली तरवार बिऱ्हाडीं विसरला. ती आणावयास आर्थर गेला, तों बिऱ्हाडीं कोणी नाहीं. भावाचें काम अडूं नये एवढ्याच हेतूनें त्यानें शिळेवरील तरवार सहज उपसली व नेऊन भावाच्या हातीं दिली.

आम्ही कुलपक्षाचे होतों. आमचें म्हणणें असें कीं, जी तरवार दुसऱ्या कोणाच्यानें तिळभर हलली नाहीं ती या पोराच्या हातीं आली, याचा अर्थ तिला राजरक्त ओळखतां येत होतें. प्रतिपक्ष म्हणे, “अरे, सरदारांनीं तो चमत्कार डोळ्यांनीं पाहूनहि त्यास राजा मानलें नाहीं. हलक्या कुळांतील पोर म्हणून त्यास हिणविलें, आणि आज नको, उद्यां पाहूं, असें करीत पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत दिवस लोटले. शेवटीं सामान्य लोकांनींच गलका करून त्यास गादीवर बसविलें. त्यांना त्याचें कुल कोठें ठाऊक होतें?” यास आमच्याजवळ चांगलेंसें उत्तर नव्हतें, हें आज कबूल केलें पाहिजे.

दुसरा प्रश्न याहून बिकट. अकरा राजे एकत्र होऊन आर्थरवर चालून आले, तेव्हां मर्लिनच्या सल्ल्यानें मित्रराजांचें सैन्य रानांत दडवून ठेविलें होतें, म्हणून निभावलें. पुढें पेलिनोर राजाशीं द्वंद्वयुद्ध होतांना आर्थरची तरवार मोडली. मर्लिननें पेलिनोरला मंत्रानें निजविलें नसतें, तर कथा तेथेंच संपती. मग सरोवरांतून एक्सकॅलिबर ही नवी तरवार मिळाली. मर्लिननें विचारलें, “तुला तरवार अधिक आवडते कीं म्यान?” आर्थर म्हणाला, “तरवार.” मर्लिननें त्यास वेड्यांत काढलें, कारण म्यान दहा तरवारींच्या तोलाचें होतें. तें जवळ असेतोंवर कितीहि घाव बसले तरी रक्त सांडावयाचें नाहीं, असा त्याचा गुण. “म्यानाच्या जिवावर कोणीहि शूर होईल!” असें प्रतिपक्षानें म्हणतांच वाचनालयांत हंशा पिकला.

आम्हीं मात्र अकोलनच्या युद्धाचें पान उघडलें. आर्थरची बहीण मॉर्गन हिनें कपटानें खरी तरवार व म्यान अकोलनला दिलें, आणि आर्थरच्या हातीं नकली तरवार आली. त्या दिवशीं सारें दैव शत्रूच्या कमरेस लटकत होतें! आर्थर रक्तानें न्हाला, त्याची तरवार मुठीशीं मोडली, तरी तो शरण गेला नाहीं. शेवटीं सरोवराच्या स्वामिनीनें साहाय्य केलें व तो जिंकला, हें खरें. पण तें साहाय्य आलें उशिरां. तोंवर जो पायांवर उभा राहिला, तो कोणत्या म्यानाच्या बळावर?

या ठिकाणीं कर्णाची आठवण न होती तरच नवल. त्याचेंहि कुल गुप्त, त्याच्याहि अंगावर अभेद्य कवच. आर्थरचें म्यान बहिणीनें पुढें चोरून तळ्यांत टाकलें. कर्णानें आपलें कवच इंद्रास जाणून बुजून दिलें. तेव्हां कर्ण श्रेष्ठ, असें एकानें म्हणतांच नवाच वाद पेटला.

इतका वेळ वसतिगृहांतील आमचा एक मित्र खिडकीशीं बसून ऐकत होता. त्यास त्याच्या मावशीनें लहानाचा मोठा केला आहे. तो हळूच म्हणाला, “ज्या दिवशीं राज्य मिळालें त्याच दिवशीं आर्थर रडला. तो कां रडला, हें तुम्हीं कोणी विचारलेंच नाहीं.”

आम्हीं पान उलटून पाहिलें. ती तरवार घेऊन के प्रथम बापाकडे गेला व आपणच राजा होणार असें म्हणाला. एक्टरनें त्यास देवालयांत नेऊन शपथेवर खरें विचारलें. तेव्हां ती भावानें दिली असें त्यानें कबूल केलें. मग पितापुत्रांनीं आर्थरपुढें गुडघे टेकले, आणि आपण तुझा पिता नव्हे, असें एक्टरनें सांगितलें. तें ऐकून आर्थरनें फार शोक केला. राज्य मिळालें, पण बाप गेला!

“आणि एक्टरच्या बायकोनें आपलें मूल दुसरीच्या दुधावर ठेवून आर्थरला पाजलें,” तो मित्र पुढें म्हणाला, “तिचें तर नांवहि येथें दिलेलें नाहीं.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. महाभारतांत कृष्णानें कर्णास त्याचें जन्मरहस्य सांगितलें, तेव्हां आपल्या मायेनें राधेस पान्हा फुटला होता, हें सांगून कर्णानें तिला सोडण्यास नकार दिला, हें आम्हांस तेव्हांच आठवलें. ज्या गोष्टीवर दोन्ही वीरांनीं राज्याहून अधिक जीव लावला, ती आमच्या पंधरा दिवसांच्या वादांत एकदांहि आली नव्हती. रक्त, रक्त म्हणून आम्हीं ज्याच्यासमोर इतका घोष केला, त्यास काय वाटलें असेल, या विचारानें आम्ही मनांतल्या मनांत ओशाळलों.

उथरनें आर्थरला जन्म दिला. मर्लिननें त्यास दैव दिलें. पण भावाची तरवार विसरली तर धांवत जाऊन ती आणावी, आणि घाव सोसूनहि शब्दास जागावें, हें त्यास कोणीं शिकविलें? तें एक्टरच्या घरचें. आमचा कुलपक्ष त्या दिवशीं हरला, पण प्रतिपक्षहि जिंकला नाहीं.

त्या सायंकाळीं वसतिगृहांत घरीं पत्रें लिहिण्याची वेळ होती. आमच्या त्या मित्राचें पत्र नेहमींपेक्षां बरेंच लांब झालें. आमचेंहि झालें.