चिखलदऱ्याच्या वाटेवरची मानाची जागा

नवतप्याच्या दिवसांत नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे सरकतो. वाळ्याच्या ताट्यांवर कितीही पाणी सोडले तरी घर निवत नाही, आणि मन सातपुड्यातील चिखलदऱ्याकडे धाव घेते. कोंढाळी, तळेगाव, अमरावती, परतवाडा असा हा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता. नागपूरपेक्षा साधारण ८०० मीटर उंच असलेल्या या कॉफीच्या गावी हवा बरीच सौम्य असते. प्रश्न आहे तो तिथवर पोहोचण्याचा.

वाचकहो, आजी-आजोबांसह निघताना आपण बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरसारखी गाडी ठरवतो. काही हौशी कुटुंबे अशा गाडीतच पलंग व ओटा बसवून फिरते घर करून घेतात. गाडी लागू नये, म्हणून ज्येष्ठांना चालकाशेजारची मानाची जागा दिली जाते. मात्र अशा बऱ्याच गाड्यांत इंजिनाचे झाकण त्याच जागेला लागून असते. इंजिनातील पाणी ९० अंशांच्या आसपास तापलेले असते. परतवाड्यानंतर घाट लागला की गाडी खालच्या गिअरमध्ये संथ चढते, वारा कमी मिळतो, आणि झाकणातून उष्णता व घरघर दोन्ही वाढतात.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी आणखी घटते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना सततची घरघर विशेष थकविते.

यावर उपाय आहे. प्रथम झाकणाच्या कडेचे रबर पाहावे. ते फाटले असेल तर बाकीचे अस्तर व्यर्थ. झाकणाच्या आतून आग न पकडणारा फोम लावून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा वर्ख इंजिनाच्या बाजूस ठेवावा. तो उष्णता परतवितो. फोम आवाज शोषतो, पण खर्जातील घरघर अडविण्यास जड, घट्ट थरच लागतो. गोधडी किंवा थर्माकोल कदापि कोंबू नये. त्यांना आग लागू शकते. धुराची नळी, पट्टे व रेडिएटरची हवा यांपासून अस्तर दूर राहावे. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

फटींतून आणखी एक शत्रू आत शिरू शकतो. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे. आपण मात्र ‘घाट लागला’ म्हणून लिंबू हुंगायला देतो. दोघा-तिघांना एकाच वेळी असा त्रास झाला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालय गाठावे. ज्येष्ठ असंबद्ध बोलू लागले व अंग तापले, तर उष्माघात समजून सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर कळवावे. शुद्ध हरपत असल्यास तोंडाने पाणी देऊ नये.

निघण्याआधी गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवून त्या जागेवर स्वतः बसून पाहा. झाकणावर तळहात टेकवत नसेल, किंवा शेजाऱ्याशी आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर ज्येष्ठांची जागा मधल्या ओळीत. प्रस्थान पहाटेचे ठेवा, पाणी दर अर्ध्या तासाने द्या. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. मग भीमकुंडाच्या दरीपाशी उतरताना आपल्या माणसांच्या अंगी ती दरी पाहण्याइतके त्राण उरलेले असेल.