वावर, शेत आणि नववीचा निबंध

हल्ली ओळखीचं कुणी भेटलं की हमखास विचारतं, "बाई, या वयात कशाला त्या ए.आय.च्या नादी लागता?" नादी वगैरे काही नाही हो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका खेड्यातल्या शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस नववीच्या मुलांना लेखन शिकवायला जाते. तिथल्या तरुण मॅडमनी वर्गातल्या टीव्हीला ते लेखनाचं मदतनीस जोडलं आहे, इतकंच. चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं ते खडू-फळ्यावर. माझी बी.ए. नागपूर विद्यापीठाची, कारण तेव्हा यवतमाळ नागपूरलाच जोडलेलं होतं, अमरावती विद्यापीठ १९८३ चं. म्हणजे मी किती जुनी ते लक्षात आलं असेल! तर या जुन्या डोळ्यांना जे दिसलं ते लिहिते.

"यंत्रामुळे मुलांचं लेखन बिघडलं" असं म्हणणाऱ्यांत मी नाही. आधी मुलं स्वतःचं लिहीत होती कुठे? 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' गाइडमधून पाठ करायचं आणि परीक्षेत उतरवायचं. चाळीस वह्यांत एकच फाटकं पुस्तक, एकाच कपाटात पडलेलं, एकाच वाळवीनं खाल्लेलं. तपासताना तिसऱ्या ओळीनंतर पुढचं मला डोळे मिटून म्हणता यायचं. यंत्रानं इतकंच केलं की प्रत्येकाला वेगवेगळं फाटकं पुस्तक दिलं. तेव्हा गेलेल्या सुवर्णकाळाबद्दल रडण्यात अर्थ नाही.

माझी काळजी दुसरीच आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, आणि त्यानंतर अशी कितीतरी मदतनिसं निघाली. आमच्या वर्गात कुठलं आहे त्याला महत्त्व नाही, सगळ्यांची चाल थोडीफार सारखीच. मॅडमनी मला समजावलं ते असं, की याला प्रचंड मजकूर वाचायला दिलेला असतो, आणि त्यावरून कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येण्याचा संभव जास्त हे ते शिकतं. मला पटकन पायवाट आठवली. जिथून जास्त माणसं गेली तिथलं गवत मरतं आणि वाट ठळक होते. आता विचार करा, इंटरनेटवर मराठीच मुळात इंग्रजीच्या मानानं कितीशी? त्यात आमची वऱ्हाडी किती? म्हणून यंत्र लिहितं ती मराठी छापील, इस्त्री केलेली, आणि पुष्कळदा इंग्रजीतून उलथवून आणल्यासारखी. कुठलीही गोष्ट तिथे 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते'. झाड बजावतं, पाणी बजावतं, आई पण बजावते!

दिवाळीनंतर वर्गाला विषय दिला, 'माझ्या आईचा दिवस'. माझा एक नियम आहे, पहिलं कच्चं पान हातानं लिहायचं आणि ते माझ्याकडे द्यायचं. मग हवं तर यंत्राला दाखवा. एका मुलीनं कच्च्या पानावर लिहिलं होतं (शुद्धलेखन तेवढं मी सुधारलं आहे, शब्द तिचेच):

"माय सकाळी वावरात जाते. कापूस वेचाचे पैसे किलोवर भेटते. दोघी असलो की जास्त भेटते. म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी मी शाळेत येत नाही."

तिनं ते यंत्राला घातलं आणि लिहिलं, "हे शुद्ध आणि सुंदर कर." एका मिनिटाच्या आत झालं सुंदर. मायची आई झाली, वावराचं शेत झालं. पुढे आलं, "आईचे कष्ट पाहून मला शिक्षणाचे महत्त्व समजते. आई ही केवळ कुटुंबाचा आधार नसून माझ्या जीवनाची प्रेरणा आहे." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुलीलाही तोच आवडला आणि तिनं वळणदार अक्षरात वहीत उतरवला. साहजिक आहे, चौदा वर्षांच्या पोरीला आपलं लिहिणं असं नटून आलेलं बघून आनंद होणारच.

पण शेवटचं वाक्य कुठे गेलं? 'बाजाराच्या आदल्या दिवशी मी शाळेत येत नाही', हे त्या सगळ्या निबंधातलं एकमेव वाक्य, जे फक्त तीच लिहू शकत होती. ते गळून पडलं आणि त्याच्या जागी शिक्षणाचं महत्त्व आलं. शाळा बुडते हे सांगणाऱ्या मुलीच्या तोंडी शिक्षणाचं महत्त्व! यंत्रानं हे दुष्टपणानं केलं असं मी म्हणत नाही. आईवरचे निबंध जसे असतात तसा त्यानं करून दिला, बस. नुसती पक्की वही माझ्यासमोर आली असती तर मी "छान" असा शेरा मारून पुढची वही ओढली असती.

मॅडमनी हजेरीपट काढला. खरंच, ऑक्टोबरपासून दर आठवड्याला त्याच वारी गैरहजर. त्या घरी जाऊन मायला भेटून आल्या. वेचणी काही थांबणार नाही. दसरा-दिवाळीपासून पुढचे दोन-तीन महिने कपाशीवाल्या गावात हातात पैसा येण्याचे हेच दिवस असतात, आणि त्या बाईला भाषण देऊन काय होणार? बुडालेले तास आता दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम घेतात. एवढंच करता आलं. पण ते त्या चार ओबडधोबड ओळींमुळे झालं. शिक्षकाला वहीतून मूल दिसतं ते असंच, अडखळलेल्या आणि खोडलेल्या वाक्यांतून.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हाताऱ्या बाईची कुरकुर वाटायची.

वर्गात तांड्यावरची बंजारा मुलं आहेत, पोडावरून येणारा एक कोलाम मुलगा आहे. त्यांच्या घरी गोरमाटी, कोलामी. कोलामी तर द्राविडी कुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. म्हणजे मी ज्या वऱ्हाडीसाठी गळा काढते तीसुद्धा या मुलांना बाहेर शिकावी लागते, आणि वर पुस्तकाची मराठी वेगळी! हा कोलाम मुलगा वर्गात तोंड उघडत नसे. 'पानी' लिहिलं की पोरं हसतात. यंत्र हसत नाही. 'ण' कुठे आणि 'न' कुठे, 'कि' की 'की', हे त्यानं एका तासात पंधरा-वीस वेळा विचारलं असेल. यंत्र प्रत्येक वेळी नव्यानं सांगत होतं. साठ मुलांच्या वर्गात कुठल्या माणसाला इतका धीर असतो? शुद्धलेखनाचे महामंडळाचे नियम १९६२ सालचे चौदा, १९७२ साली त्यात चारांची भर पडून अठरा झाले. ते अठराही नीट येणारे शिक्षक मी मोजकेच पाहिले. यंत्रही चुकतं, आणि चुकताना आवाज खाली करत नाही, ही त्याची मोठी खोड. पण त्या मुलाला त्याचा उपयोग झाला हे मला नाकारता यायचं नाही. आता तो वहीत अर्धं पान लिहितो.

यंत्राची ही खोड मुलांना कळली ती गमतीनं. एकानं निबंधात 'सीतादही' लिहिलं होतं. कापूसवाल्या गावांबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पहिल्या वेचणीच्या आधी वावरात पऱ्हाटीपाशी पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ते सीतादही. यंत्राला अर्थ विचारला तर त्यानं ठासून सांगितलं, हा दह्याचा एक गोड पदार्थ आहे! वर्ग खो खो हसला. आपल्या आजीला माहीत आहे ते टीव्हीवरच्या या हुशार गड्याला माहीत नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हापासून मी एक तास उलटा घेते. यंत्राचा निबंध मुलांच्या हातात देते आणि लाल पेनही देते. 'हे कुणीही लिहिलं असतं' असं वाटेल त्या वाक्याखाली रेघ मारायची. बहाद्दर पानभर लाल करून आणतात. मग त्यांना स्वतःचं कच्चं पान परत देते. न सांगता दोन-चार जण तिथेही रेघा मारू लागले.

कुठे यंत्र मुळीच आणायचं नाही आणि कुठे खुशाल वापरायचं, हेही ठरवलं आहे. अर्ज, पत्र, बातमी यांचा साचा ठरलेला असतो, परीक्षेतही उपयोजित लेखनात तेच येतं. तिथे प्रति, विषय, महोदय हे सगळं यंत्रानं मांडून दिलं तर माझी हरकत नाही. गेल्या पंधरवड्यात मुलांनी खराच एक अर्ज लिहायला घेतला. नाल्यावरच्या रपट्यावरून पावसाळ्यात पाणी वाहतं आणि पलीकडची मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, त्याबद्दल. यंत्रानं झकास अर्ज दिला. त्यात होतं, 'अनेक दिवस विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होते.' मी विचारलं, अनेक म्हणजे किती? कुणालाच सांगता येईना. मग पोरं ऑफिसात जाऊन हजेरीपट घेऊन बसली. जुलै आणि ऑगस्ट मिळून नऊ दिवस निघाले, अकरा मुलांचे. तारखांसकट यादी केली, अर्जाला जोडली. सही करायला सरपंचांकडे कोण जाणार यावर सध्या वर्गात भांडण चालू आहे.