घसरण्याचं सोंग

केनी पिकेटची वकिली मी तीन वर्षं केली, तीही फुकट. पिट्सबर्गमध्ये राहणाऱ्या माणसाला ती करावीच लागते असं नाही, पण मला हौस होती. आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत पुरणपोळीवर तूप पडायच्या आत विषय निघायचा आणि मी तावातावानं बोलू लागायचो. आता ती वकिली मी सोडली आहे. का सोडली ते नीट सांगायला हवं, कारण ज्यांच्याशी भांडलो त्यातले बरेच जण हे वाचतील.

आधी प्रकरण काय ते सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. त्याचं मुख्य काम चेंडू फेकणं; पण फेकायला कुणी मोकळं दिसलं नाही तर तो स्वतःच चेंडू घेऊन पळतो. समोरून येणारे बचावपटू त्याला आडवं करायला टपलेलेच असतात. हा महागडा खेळाडू दर रविवारी मोडून पडू नये म्हणून त्याला एक सुटका दिलेली आहे. पाय पुढे टाकून तो जमिनीवर घसरला की खेळ तिथंच थांबला. मिळालेलं अंतर त्याचं, पण पुढे एक पाऊलही नाही, आणि त्या क्षणानंतर त्याला कुणी धडक मारायची नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगनं ही सोय १९८५ साली नियमात आणली. विद्यापीठांच्या फुटबॉलमध्येही ती आहे.

४ डिसेंबर २०२१ला शार्लटमध्ये एसीसी या विद्यापीठगटाचा अंतिम सामना होता, पिट्सबर्ग विद्यापीठ, म्हणजे आमचं पिट, विरुद्ध वेक फॉरेस्ट. सामना नुकताच सुरू झालेला. पिटचा क्वार्टरबॅक पिकेट मधल्या मोकळ्या जागेतून पळत सुटला. समोर बचावपटू आले तसा त्यानं वेग कमी केला, पावलं आखडली, कंबर खाली घेतली. आता हा घसरणार, हे आम्हा बघणाऱ्यांनाही कळलं आणि वेक फॉरेस्टच्या पोरांनाही. ती थबकली. आणि हा पठ्ठ्या तसाच उठून त्यांच्यामधून निसटला. ५८ यार्डांची धाव, टचडाउन. पुढे वेक फॉरेस्टनं २१-१४ अशी आघाडी घेतली होती, पण पिटनं सामना ४५-२१ असा जिंकला. एसीसीमध्ये आल्यापासून पिटचं ते पहिलंच विजेतेपद. अर्थात गावात चर्चा त्या एकाच धावेची.

आठवडाही उलटला नाही तोच विद्यापीठ फुटबॉलच्या पंचांचे राष्ट्रीय समन्वयक स्टीव्ह शॉ यांनी सगळ्या पंचांना कळवलं की यापुढे चेंडू घेतलेल्या खेळाडूनं घसरायला सुरुवात केली, किंवा घसरण्याचं नुसतं सोंग केलं, तरी खेळ तिथंच थांबवायचा. म्हणजे जो डाव शनिवारी टाळ्या घेऊन गेला तो पुढच्या शनिवारच्या आत बंद.

मी चिडलो. माझं तारुण्य परळच्या एका मंडळात कबड्डी खेळण्यात गेलं. चढाईला गेलेला गडी हूल देत नसेल तर तो तिथं करतो काय? बोनस रेषेकडे पाय नेल्यासारखं दाखवायचं आणि कोपऱ्यातल्या गड्याला हात लावून यायचं, परतल्यासारखं करायचं आणि उलटी लाथ मारायची. फसलास तर तुझं नशीब. मला वाटायचं, पिकेटनं याहून वेगळं काय केलं? वेक फॉरेस्टची पोरं थांबली हा त्यांचा गाढवपणा. शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहावं, हे तर लहान पोरालाही शिकवतात. त्यांचे प्रशिक्षक डेव्ह क्लॉसन सामन्यानंतर म्हणाले की क्वार्टरबॅक घसरायला लागला की हात आवरा, असंच आम्ही पोरांना शिकवतो. मी ते हरलेल्या माणसाचं रडगाणं म्हणून सोडून दिलं.

माझा हुकमी एक्का मात्र डॅन मरीनो होता. मरीनो पिट्सबर्गचाच आणि शिकला-खेळलाही पिटमध्येच. टचडाउन पासेसचा विद्यापीठातला त्याचा विक्रम २०२१च्याच मोसमात पिकेटनं मोडला. २७ नोव्हेंबर १९९४ला मायामी डॉल्फिन्सकडून जेट्सविरुद्ध खेळताना शेवटची काही सेकंदं उरली असताना मरीनोनं हातवारे करून, ओरडून सगळ्यांना सांगितलं की मी आता घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू जमिनीवर आपटणार. जेट्स सैलावले. चेंडू हातात येताच त्यानं तो आपटला नाही, मार्क इंग्रमकडे फेकला. टचडाउन, २८-२४. त्या सोंगाचा आजही गौरव होतो. जुन्या चित्रफिती लावून लोक खूश होतात. मग मी विचारायचो, एकाच विद्यापीठाचे दोन क्वार्टरबॅक, दोघांनी सोंग केलं. एक चातुर्य आणि दुसरी लबाडी कशी? समोरच्याला पटकन उत्तर सुचायचं नाही आणि मी दुसरी पोळी घ्यायचो.

उत्तर माझ्या भाच्यानं दिलं, तेसुद्धा वेगळ्याच सामन्यावरून. हा मुलगा इथंच वाढला, शाळेच्या संघात सेफ्टी म्हणून खेळतो. सेफ्टी म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीतला गडी, पळत सुटलेला क्वार्टरबॅक ज्याच्या अंगावर येतो तो. १ डिसेंबर २०२४ला जॅक्सनव्हिल आणि ह्यूस्टनचा सामना आम्ही एकत्र पाहत होतो. जॅक्सनव्हिलचा ट्रेव्हर लॉरेन्स पळाला आणि घसरला. तो खाली जात असताना ह्यूस्टनचा अझीझ अल-शायर त्याच्यावर येऊन आदळला, हात थेट डोक्या-मानेपाशी. लॉरेन्सचे हात हवेत ताठरले, तो तसाच पडून राहिला. दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. लॉरेन्सला गाडीवर घालून बाहेर न्यावं लागलं. अल-शायरला सामन्यातून काढलं आणि नंतर तीन सामन्यांची बंदी घातली.

मी खुर्चीतून उठून ओरडत होतो. कसला रानटी माणूस, दिसत नाही का समोरचा बसतोय ते, हात आवरता येत नाही का, वगैरे.

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, जे थांबले त्यांना तू गाढव म्हणतोस. आणि हा थांबला नाही तर याला रानटी म्हणतोस. मी नक्की काय करायचं ते एकदा सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरही बरेच दिवस नव्हतं. लॉरेन्सनं कुणाला फसवलं नव्हतं, हे खरं. तो उशिरा घसरला असं काही जण म्हणाले. अल-शायरनंही माफी मागताना तो घसरतोय हे फार उशिरा दिसलं असं म्हटलं. ते किती खरं, किती सारवासारव, याचा निवाडा मी करणार नाही. पण भाच्याचा प्रश्न अल-शायरबद्दल नव्हताच, तो त्याच्या स्वतःबद्दल होता. पूर्ण वेगात पळणारा खेळाडू एका सेकंदात सात-आठ मीटर कापतो आणि समोरचाही त्याच्याकडेच धावत येत असतो. मारायचं की आवरायचं हे ठरवायला सेकंदाचा तुकडा मिळतो. त्या तुकड्यात हाताशी एकच खूण असते, क्वार्टरबॅकची खाली जाणारी कंबर. विद्यापीठ फुटबॉलमध्ये घसरणाऱ्याच्या डोक्यावर धडक बसली तर २०१३पासून थेट हकालपट्टी आहे; दुसऱ्या सत्रात घडली तर तेव्हा पुढच्या सामन्याचं पहिलं सत्रही जायचं. म्हणजे नियमच बचाव करणाऱ्या पोराला बजावतो की खूण दिसली की थांब. आणि माझा लाडका पिकेट ती खूण दाखवून पळून जातो.

कबड्डीचा माझा दाखला इथंच कोसळतो. चढाईपटू हूल देतो तेव्हा त्याला कुणी अभय दिलेलं नसतं. हूल फसली तर सातही गडी त्याच्या अंगावर पडायला मोकळे असतात. कोपऱ्यातला गडी फसतो तो स्वतःच्या लोभामुळे, पकड करायच्या घाईमुळे. वेक फॉरेस्टची पोरं मात्र नियम पाळल्यामुळे फसली.

मरीनोचंही तेच. त्या दिवशी जेट्सवर कुठलंही बंधन नव्हतं. मरीनो ओरडला म्हणून त्याला किंवा इंग्रमला आडवं करायचं नाही, असं कुणी सांगितलेलं नव्हतं. सावध राहिले असते तर वाचले असते. चेंडू आपटण्यानं घड्याळ वाचतं. घसरण्यानं माणसाचं डोकं वाचतं. हा फरक तीस सेकंदांत कळण्याजोगा आहे. मला तीन वर्षं लागली, कारण मला तो कळून घ्यायचा नव्हता. पिट जिंकलं होतं ना!

खरं तर या खेळानं हा सौदा फार आधी दुसऱ्या जागी केलेला आहे. उंच लाथाडलेला चेंडू झेलायला उभा असलेला खेळाडू डोक्यावर हात उंचावून हलवतो. याला फेअर कॅच म्हणतात. हात हलवला की त्याला निर्धोक झेल घेऊ द्यायचा, त्याच्या अंगावर जायचं नाही; आणि त्यानंही झेल घेतल्यावर पळायचं नाही. विद्यापीठांच्या नियमात तर हात अर्धवट हलवून संभ्रम निर्माण केला तरी चेंडू झेलल्या जागीच मृत. याविरुद्ध कधी कुणी कलेची गळचेपी झाली म्हणून आवाज उठवल्याचं मी ऐकलं नाही. मीही कधी उठवला नाही. घसरणाऱ्याला अभय देताना लिहिणाऱ्यांच्या हातून सोंगाची एक फट राहून गेली होती. शॉ यांनी ती बुजवली, एवढंच.

माझ्या जुन्या बाजूचा एक मुद्दा मात्र अजून मला सोडत नाही. सोंग कुठलं आणि अडखळणं कुठलं, हे पंचानं ठरवायचं कसं? चांगला धावणारा खेळाडू वेग तोडतो, खांदा पाडतो, पुन्हा उसळतो; त्यात घसरण्याचा भास झाला म्हणून शिट्टी वाजली तर खेळातला जिवंतपणा जाईल. ही भीती खोटी नाही. पण नियमात दंड नाही, हे इथं लक्षात घ्यायला हवं. गुण जात नाहीत, हकालपट्टी नाही, फक्त जिथं सोंग केलं तिथं चेंडू थांबतो. पंचाचा अंदाज चुकलाच तर काही यार्ड जातील. उलटीकडे बचावपटूचा अंदाज चुकला तर काय जातं, ते लॉरेन्सच्या ताठरलेल्या हातांकडे पाहून कळलं होतं.

आणि खुद्द पिकेट? त्याच्यावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. आपण घसरण्याच्या बेतात होतो आणि समोरचे सैलावलेले दिसले, असं त्यानं सामन्यानंतर सांगितलं. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. पुढच्या वर्षी पिट्सबर्ग स्टीलर्सनं त्याला पहिल्याच फेरीत, विसाव्या क्रमांकावर निवडलं तेव्हा मीही नाचलो. तेवीस वर्षांच्या पोराला समोर मोकळं मैदान दिसलं की त्यानं तत्त्वचिंतन करत बसावं, ही अपेक्षाच खुळी आहे. म्हणून तर नियम लागतो.

नियमानं सगळं सुटलं असंही नाही. १८ जानेवारी २०२५ला कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स ह्यूस्टनविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात पळता पळता रेंगाळला, दोन बचावपटू अंगाशी येईपर्यंत थांबला आणि अगदी शेवटी खाली गेला. ते दोघे मुख्यतः एकमेकांवरच आदळले. तरी दंडाचा झेंडा पडला त्यांच्याविरुद्ध, पंधरा यार्डांचा. समालोचक ट्रॉय एकमन वैतागला, आणि हा माणूस स्वतः क्वार्टरबॅक होता. डोक्यावरच्या आघातांनी आणि पाठीच्या दुखण्यानं त्याची कारकीर्द आखूड झाली. क्वार्टरबॅकच्या संरक्षणाचं मोल त्याला कुणी शिकवायची गरज नाही. तोच चिडतो, तेव्हा ऐकावं. महोम्सची दुसरी सवय म्हणजे रेषेबाहेर जात असल्यासारखं दाखवत कडेकडेनं आणखी चार यार्ड काढायचे. तिथं तर कंबर खाली घेण्याइतकी स्पष्ट खूणही नसते. शिट्टी वाजवणार कशावर?

म्हणून माझं आजचं मत पूर्वीच्या नेमकं उलट आहे आणि नियमाच्याही एक पाऊल पुढचं आहे. सोंगाला बंदी हवीच. शिवाय जो क्वार्टरबॅक धडक अंगाशी येईपर्यंत मुद्दाम रेंगाळतो, त्याला पंधरा यार्डांचं बक्षीस मिळता कामा नये. डोक्यावर मारलं तर शिक्षा आहेच, ती राहू दे. बाकी आपसूक झालेल्या टकरीचा झेंडा नको. एनएफएलच्या नियम समितीनं एवढं केलं तरी भाच्यासारख्या पोरांना सेकंदाच्या त्या तुकड्यात खरी माहिती मिळेल. आणि पुढच्या जेवणावळीत माझ्याशी याच विषयावर वाद घालायला येणाऱ्यांनो, खुशाल या, पण मरीनो काढू नका. तो माझा आधीच वापरून झालाय.